पहिला समुद्रप्रवास आणि पोटातला गोळा

परवा दुपारी शेजारची नवी सून वाटी घेऊन विरजण मागायला आली. विरजण दिलं, तरी ती उठेना. वाटीवरचं झाकण उगीच फिरवत बसली. मग एकदम म्हणाली, "काकू, पुढच्या महिन्यात मी ह्याच्याबरोबर जहाजावर जातेय. कंपनीची परवानगी आली, व्हिसा आला. सगळे म्हणतात, नशीबवान आहेस. आणि मला रात्ररात्र झोप नाही. तुम्ही तर इतक्या वेळा गेलात. तुम्हाला कधी भीती नाही वाटली?"

मला हसूच आलं. भीती? अहो, मला इतकी भीती वाटली होती की पहिल्या खेपेला मी चक्क 'नाही' म्हणून मोकळी झाले होते!

ती गोष्ट तिला सांगितली, आणि मग वाटलं, तुम्हालाही सांगावी. कारण आज व्यापारी जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या बायका नवऱ्याबरोबर जातात. कुणी हौसेनं क्रूझवर जातं, कुणी चेन्नईहून जहाजानं अंदमान गाठतं. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकीच्या पोटात तो गोळा येतोच. तो येऊ नये असा उपाय माझ्याकडे नाही. पण तो घेऊनही जाता येतं, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

सासूबाईंचे गुडघे

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. हे मालवाहू जहाजावर इंजिनियर. बरोबर येण्याची परवानगी मिळाली, तेव्हा मी सांगितलं, "सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना टाकून कशी येऊ?" हे काही बोलले नाहीत. बॅग भरली आणि आठ महिन्यांसाठी गेले. नंतर एकदा कॅलेंडर घेऊन मी मोजलं, तर लग्नाच्या पहिल्या वर्षात आम्ही दोघं मिळून एक्केचाळीस दिवस एका घरात होतो.

दुसऱ्यांदा विचारणा झाली, तेव्हाही मी गुडघ्यांचंच कारण काढलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना पुढं करू नकोस. भीती वाटते असं सांग, त्यात लाज कसली?"

सासूबाईंचं माहेर अलिबाग तालुक्यातलं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. आळीतल्या घराघरातलं रडणं त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं होतं, ह्या तर मला पाण्याच्या काठालाही जाऊ देणार नाहीत. पण त्या म्हणाल्या, "रामदास बुडाल्यावर आमची माणसं बोटीत बसायची थांबली का? चार दिवस थांबली. मग पोटासाठी गेलीच. घाबरत घाबरत गेली. तू पण घाबरत घाबरत जा."

त्या वाक्यानं मी सुटले. तोवर मला वाटत होतं, आधी भीती जायला हवी, मग मी जाणार. ते उलटं होतं.

मोळी सोडा

मी एक वही घेतली आणि कशाकशाची भीती वाटते ते लिहून काढलं. आधी वाटायचं, मला 'समुद्राची' भीती वाटते. लिहिल्यावर दिसलं की त्यात निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: जहाज बुडेल, मला बोट लागेल, तिथे आजारी पडले तर डॉक्टर नाही, घरी काही झालं तर मला कळणार नाही, आणि दिवसभर मी तिथे करू काय?

बांधलेली मोळी गुडघ्यावर मोडत नाही. सोडून एकेक काटकी घेतली की मोडते. तुम्हीही लिहून काढा. आता एकेक घेऊ.

बुडण्याची भीती

आमचा प्रवास जपानहून कॅनडातल्या व्हँकुव्हरला होता. म्हणजे अख्खा पॅसिफिक महासागर, सुमारे दोन आठवडे, मध्ये जमीन नाही. जहाज धान्य भरायला रिकामं चाललं होतं. खाली चार-साडेचार किलोमीटर पाणी आहे, हे कुणीतरी सांगितलं आणि माझे हातपाय गार पडले.

तेव्हा ह्यांनी एक गोष्ट समजावली. जहाज तरंगतं ते स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारून. त्याला लागतं तेवढं पाणी मिळालं, की त्याखाली आणखी दोन पुरुष पाणी आहे की दोन कोस, यानं काही फरक पडत नाही. उलट खलाशाला काळजी असते ती उथळ पाण्याची, खडकांची आणि गर्दीची. बंदर सोडून खोल पाण्यात आलं, की ते सुस्कारा टाकतात! आपण नेमकं तिथेच घाबरतो.

आणि डोलण्याबद्दल. तंजावरची बाहुली पाहिली आहे ना? बोटानं पाडली, तरी पुन्हा उभी राहते, कारण वजन तळाशी असतं. रिकाम्या जहाजातही तळाच्या टाक्यांमधून मुद्दाम समुद्राचं पाणी भरून घेतात, ते याचसाठी. जहाज एका बाजूला कललं की आपला जीव वर येतो, पण परत सरळ होण्यासाठीच त्याची बांधणी असते.

तरी अपघात होतातच, ते मी नाकारत नाही. म्हणून तयारीही असते. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हा तिच्यावरच्या बोटींत जेमतेम निम्म्या माणसांची सोय होती. त्यातून धडा घेऊन १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आजचा करार १९७४ चा आहे आणि त्यात सतत सुधारणा होत असतात. आमच्या जहाजावर दोन्ही बाजूंना एकेक बंदिस्त नारिंगी बोट होती आणि दोन्हींपैकी कुठल्याही एकीत आम्ही सगळे मावलो असतो. 'रामदास'ची बातमी मुंबईला कळली, ती पोहत वाचलेल्या माणसांकडून. आता समुद्र ओलांडणाऱ्या जहाजांवर एक छोटं यंत्र असतं, ते जहाज बुडालं तर आपणहून सुटून वर येतं आणि उपग्रहाला जागेची खूण पाठवतं.

तुम्ही एवढंच करा. जहाजावर पाय ठेवला की पहिल्या दिवशीच विचारून घ्या: माझं लाइफजॅकेट कुठे आहे, ते कसं घालायचं, आणि भोंगा झाला तर मी कुठे जमायचं? सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा सगळ्यांनी जमायचा इशारा. प्रवासी जहाजांवर तर निघण्यापूर्वी किंवा निघताच ही कवायत घ्यावीच लागते. तेव्हा फोटो काढत बसू नका. खोलीपासून जमायच्या जागेपर्यंत दोनदा स्वतः चालून पाहा, जिने मोजा. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून चालले, कारण दिवे गेले तर? मला बघून स्वयंपाकी हसला. हसू दे! त्या रात्री मला झोप लागली.

बोट लागणं

यात लाजण्यासारखं काही नाही. इंग्रजांचा नामांकित दर्यासारंग नेल्सन, त्यालाही बोट लागायची. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ जगप्रवास करून आला आणि त्याला सगळा वेळ त्रास होत होता.

कारण साधं आहे. आपल्या कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारा भाग असतो. तो सांगतो, 'आपण हलतोय.' खोलीतल्या भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात, 'छे, सगळं स्थिर आहे.' या दोघांच्या भांडणात बळी जातो पोटाचा. म्हणून खोलीत पडून राहिलं, पुस्तकात किंवा फोनमध्ये डोकं घातलं की त्रास वाढतो. बाहेर मोकळ्या हवेत येऊन जिथे पाणी आणि आभाळ मिळतं त्या रेषेकडे पाहत राहिलं की कमी होतो.

माझे अनुभवाचे उपाय असे.

गोळी घ्यायची तर आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात ठरतच नाही. कुठली आणि किती, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. गाडी लागते म्हणून आपण घेतो त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि दिवस गेलेले असतील किंवा दुसरी औषधं चालू असतील तर मनानं घेऊच नयेत.

रिकाम्या पोटी राहू नका. 'उलटी होईल म्हणून खातच नाही' ही सगळ्यांत मोठी चूक, माझीही तीच झाली. दर दोन तासांनी कोरडं काहीतरी चावत राहा: कुरमुरे, भाजके चणे, खाकरा, टोस्ट. तळलेलं आणि फोडणीचं दोन दिवस दूर ठेवा. आलेपाकाच्या वड्या घरून घेऊन जा, पण बंदरावर खाण्याच्या जिनसांबद्दल नियम कडक असतात, तेव्हा काय नेता येईल ते आधी विचारा. पाणी घोटघोट प्या.

खोली निवडता येत असेल तर जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या. झोपाळ्याच्या टोकाला बसलेल्याला झोका मोठा बसतो, तसंच हे.

दोन-तीन दिवसांत बहुतेकांचं शरीर सरावतं. माझं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावलं. त्या दिवशी वरणभाताचा वास आला आणि चक्क भूक लागली. मला वाटलं, मी पॅसिफिक जिंकला!

आजारपण आणि घरची काळजी

मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांची पेटी असते, प्रशिक्षण घेतलेला एक अधिकारी असतो, आणि जमिनीवरच्या डॉक्टरांना विचारायची सोय असते. इटलीत रोमला १९३५ पासून एक केंद्र भर समुद्रातल्या आजाऱ्यांना सल्ला देत आलं आहे. पण सल्ला म्हणजे दवाखाना नव्हे. म्हणून निघण्यापूर्वी दात दाखवा, अंगावर काढलेली दुखणी तपासून घ्या, रोजची औषधं प्रवासाच्या दुप्पट घ्या, आणि काही आजार असेल तर लपवू नका. गरोदरपणात जायचा विचार करू नका. डॉक्टरांनी 'या वेळी नको' म्हटलं तर ऐका. ती भीती नव्हे, तो शहाणपणा.

घरच्या बातमीचं म्हणाल, तर आमच्या वेळी उपग्रहाच्या फोनवर कार्ड घालून मिनिटं मोजत बोलावं लागे. आता बऱ्याच जहाजांवर इंटरनेट असतं, पण भर समुद्रात ते अधूनमधून जातं. तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा, 'दोन दिवस निरोप आला नाही, तर काही झालं असं समजू नका.' नाहीतर इथे तुमच्या आई देव पाण्यात घालून बसतील आणि तिथे तुम्ही मजेत पत्ते खेळत असाल.

चार भिंतींचं घर

पहिल्या दिवशी मला आवाजांनी घाबरवलं. खोलीच्या भिंती करकरतात, कपाटातले हँगर किणकिणतात, आणि इंजिनाची घरघर चोवीस तास पायाखाली. हळूहळू कळतं की घरघर चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

घर लावतो तशी खोली लावून घ्या. कपाटं, खण कड्या लावून बंद. टेबलावर ओलसर टॉवेल अंथरला, तर कपबशी घसरत नाही. काचेच्या बाटल्या मोज्यांत घालून ठेवा. जहाज फार डोलत असेल तर गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफजॅकेट सरकवा. गादी भिंतीकडे कलते आणि आपण खोबणीत झोपल्यासारखे निवांत झोपतो. चालताना एक हात कायम कठड्याला. आणि दार लावताना चौकटीवर बोटं ठेवू नका! तिथली दारं जड असतात, जहाज कललं की आपणहून आदळतात. चप्पल नको, पाय धरून ठेवणारे बूट घाला.

दिवसाला काम लावून घ्या. मी सकाळी डेकवर परवानगी असेल तेवढं चालायची, दुपारी विणायची, संध्याकाळी स्वयंपाक्याकडून पदार्थ शिकायची आणि त्याला थालीपीठ शिकवायची. रिकामं मन समुद्राहून जास्त डोलतं.

ती रात्र

सगळं शिकले होते, तरी नवव्या रात्री गोळा आलाच. समुद्र खवळला. रिकामं जहाज, त्यामुळे पुढचा भाग लाटेवर उचलला जाई आणि धाडकन आपटे. मग आख्ख्या जहाजातून थरथर जाई, माझ्या दातांपर्यंत. हे खाली इंजिनरूममध्ये गेले होते. दीड वाजला होता. मी लाइफजॅकेट मांडीवर घेऊन बसले आणि शेवटी न राहवून ब्रिजवर फोन केला, "वर येऊ का?" ते म्हणाले, "कठडा धरून या."

ब्रिजवर अंधार असतो, बाहेरचं नीट दिसावं म्हणून. त्या अंधारात पहाऱ्यावरचा सेकंड ऑफिसर, बाविशी-तेविशीतला पोरगा, शांतपणे चहा पीत उभा होता. मी विचारलं, "जहाज असं का आपटतंय? वेग पण कमी झालाय, इंजिन बिघडलंय का?" तो म्हणाला, "नाही मॅडम, वेग आम्हीच कमी केलाय, आपटणं कमी व्हावं म्हणून. दिशाही थोडी वळवलीय. लाट कुशीवर घेण्यापेक्षा समोरून घेतलेली बरी." मग त्यानं हवामानाचा नकाशा दाखवला. सकाळपर्यंत आम्ही यातून बाहेर पडणार होतो.

खोलीत बसून मी ज्याला संकट समजत होते, ती तर जहाजाची काळजी घेणं चाललं होतं! तिथेच त्याच्याबरोबर मीही चहा घेतला. भीती गेली का? नाही. पण हात थरथरायचे थांबले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, घाबरलात तर खोलीत एकट्या बसू नका. ज्याला माहीत आहे त्याला विचारा. विचारणाऱ्या बाईला जहाजावर कुणी हसत नाही.

दोनदा संकष्टी

आणि गंमत ऐका. जपानहून पूर्वेला जाताना आठ रात्री घड्याळ एकेक तास पुढं करावं लागतं, पण मध्ये तारखेची रेषा ओलांडताना एक आख्खा दिवस दोनदा येतो. आमचा तो दिवस नेमका संकष्टीचा! काल उपास सोडला, आज उठते तर पुन्हा तीच तारीख, पुन्हा संकष्टी. फोनवर सासूबाईंना विचारलं. त्या जराही न गोंधळता म्हणाल्या, "देवाला कळतं तू कुठे आहेस ते. आज पोटभर जेव."

ते हसणं, तो चहा, संध्याकाळी डेकवर दोघांनी मिळून पाहिलेला सूर्यास्त, हे सगळं मी गुडघ्यांचं कारण सांगून पहिल्या खेपेला घालवलं होतं.

का जायचंय?

कल्याणची आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाली, तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. नवरा बरोबर नव्हता. समुद्र ओलांडणं हे तेव्हा पाप समजलं जाई. पण निघण्यापूर्वी तिनं श्रीरामपूरला भर सभेत उभं राहून आपण का जात आहोत, ते स्पष्ट सांगितलं होतं. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि १८८६ मध्ये ती झाली. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नसेल, पण 'का' हे पक्कं असलं की आधार मिळतो. वहीत भीतीची पानं लिहाल, तेव्हा शेवटच्या पानावर तेही लिहा. माझ्या वहीत एकच आकडा होता: एक्केचाळीस.

व्हँकुव्हरला उतरले, तर दोन दिवस जमीनच डोलत होती! असं होतं, घाबरू नका, आपोआप जातं.

शेजारच्या सुनेला हे सगळं सांगितलं. ती वाटी घेऊन उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "काकू, पण भीती अजून वाटतेच आहे."

मी म्हटलं, "वाटू दे गं. तिलाही घेऊन जा. तिचं काही वेगळं तिकीट लागत नाही!"